माह्याच छपराचे बांबू

"बांबू सरकारचे हायेत. उतरव, अन् नाक्यावर नेऊन टाक."

जंगलखात्याचा नाकेदार असा बोलला, अख्ख्या गावासमोर. माह्याच घराचं छप्पर मलेच काढाले लावलं. मी चौदा वर्सांची. वर चढून दोर तोडून राह्यली होती. खाली माही बहीण मैनी, सहा वर्सांची, पडलेलं गवत गोळा करून राह्यली होती. तिले वाटे, नवं छप्पर घालाचं हाय. नाकेदार हसून म्हने, "या जंगल्याईले घर कायले पाह्यजे? झाडाखाली जन्मतेत, झाडाखाली मरतेत." गाव खाली मान घालून उभं होतं.

आमचं गाव जंगलखात्याचं. चांद्यापासून दोन दिवसांची पायवाट. जो खात्याची झाडं तोडन, त्यानंच तिथी राह्याचं. दिवाळी झाली का बाप नाक्यावर जाऊन अंगठा देये, अन् वर्सभर घर आमचं. माय मैनीच्या बाळंतपणातच गेली होती. छप्पर उतरलं त्या वर्सी, पुसाच्या महिन्यात, तोडीवर साग बापाच्या अंगावर आला. बाप जागच्या जागी गेला.

बापाची माती होऊन आठ दिस नाई झाले, तं नाकेदार कागद घेऊन आला. म्हने, "अंगठा लाव." काय सांगू, मले केवढा आनंद झाला! आमच्यात अंगठा दिला म्हंजे घर राह्यलं. मी पळत गेली. वरून मीच म्हटलं, "मैनीचाबी घ्या न जी." त्यानं तिचाबी घेतला. त्या कागदावर लिवलं होतं, आमी राजीखुशीनं घर सोडून राह्यलो. वाचता कोनाले येये? आग लागो माह्या त्या आनंदाले.

मंग नाक्यावर बांबूच्या खेपावर खेपा केल्या. खांदे सोलले. आमाले कोनी ठेवून घेतलं नाई. जो ठेवन त्याचंबी घर जाईन, असं नाकेदारानं सांगूनच टाकलं होतं. माघाची थंडी. उघड्या भिंतीत मैनीले पोटाशी धरून बसो. ती थरथर कापे. मले मरन पाह्यजे होतं, पन या पोट्टीले कोनाच्या दारात टाकू?

तिसऱ्या दिवशी नाकेदार लाकडाच्या ठेकेदाराले घेऊन आला.

"लहानीले या ठेकेदारायच्या घरी दे. भांडे घाशीन, पडवीत झोपन. तू चांद्याले जा, कुठीबी काम धर."

शेजारची जंगीबाई माह्या कानाशी लागली, "दे वं पोरी. तिले तं छप्पर भेटन."

खरं सांगते, मी हो म्हननारच होती. तितक्यात ठेकेदारानं मैनीचं तोंड धरून उघडलं अन् दात पाह्यले. बाजारात गोऱ्ह्याचे पाह्यतेत तसे. मैनी रडली नाई. तोंड उघडं ठेवून माह्याकडे पाहून राह्यली.

माह्या डोक्यात जाळ झाला. "सोड तिले! नाई देत!"

मी तशीच नाक्यावर गेली. ढिगातला बांबू ओढला अन् खांद्यावर घेतला. नाकेदार मागून धावला.

"चोरी हाय हे! सरकारी माल!"

"माह्या बापानं तोडला, माह्या घरातून निघाला. मार, कितीक मारतं ते."

त्यानं मारलं. पाठीवर, पोटरीवर. मी बांबू सोडला नाई. गावातलं कोनी फिरकलं नाई. मैनी आली अन् तिनं मागचं टोक धरलं.

तशाच खेपा करून बाकीचे बांबूबी आणले अन् वाकडंतिकडं छप्पर चढवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पाडलं. मी पुन्हा चढवलं. पुन्हा पाडलं. मंग मले कळलं, हा पाडतच राह्यन. याले ना लाज, ना दया. अन् दया मले पाह्यजेबी नव्हती. बाप मेला म्हनून लेकरानं उघड्यावर मराचं, हा कायदा ज्यानं केला त्यानंच पाळाचा. मी नाई मानत.

तिसऱ्यांदा तो आला, तवा मी मैनीले घेऊन आत बसली होती. बाहेर निघाली नाई. आतूनच वरडली, "पाड! आमी दोघीबी इथीच हावो. आमच्या अंगावर पाड."