शनिवारी चार वाजता इंग्रजी

२०२३ सालचा जून. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये उन्हाळा होता, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. त्या जूनपासून पुढच्या सहा महिन्यांत जेवढे किस्से झाले, तेवढे माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत झाले नाहीत. किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. लेथखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे ते साचतात. वर काम चालू असलं की झालं.

काम होतं इंग्रजीचं. माझी सून मुग्धा एका कंपनीत वैद्यकीय यंत्रांची माहितीपत्रकं लिहायला लागली. यंत्र कसं वापरायचं, ते इंग्रजीत. सहा महिने प्रोबेत्साइट. म्हणजे या काळात पसंत पडलात तर कायम, नाहीतर घरी. पहिलाच कागद साहेबाने लाल रेघा मारून परत केला. इंग्रजीतला ‘द’ हवा तिथे नाही, नको तिथे आहे! तिने तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि जेवलीच नाही.

मग दर शनिवारी चार वाजता बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये आमचा वर्ग सुरू झाला. पाच जण. मुग्धा, माझा मुलगा अमोल, त्याचा इंजिनिअर मित्र निलेश, तळमजल्यावरचा बाउमान आणि मी. बाउमान निवृत्त बस ड्रायव्हर. त्याचा नातू कॅनडात, त्याला जर्मन येत नाही, म्हणून आजोबा इंग्रजी शिकणार. नियम बाउमाननेच केला. प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचायचं. चूक झाली की पान पहिल्यापासून!

पहिल्या शनिवारी निलेशने एकच पान अकरा वेळा वाचलं. अकराव्या वेळीही चुकला. पण तोवर बाउमानला ते पान तोंडपाठ झालं. अजून जिन्यात भेटला की म्हणून दाखवतो.

* * *

निलेश न्युरेम्बर्गला नोकरी करतो. त्याने तिथल्या जर्मन साहेबाला मेल लिहिला आणि शेवटी आपल्याकडे सगळे लिहितात तसं लिहिलं, ‘प्लीज डू द नीडफुल.’

साहेबाचं उत्तर आलं, "आवश्यक ते काय काय? यादी पाठवा."

निलेश वर्गात येऊन तणतणला. "काका, एवढं समजायला नको? साहेब आहे ना तो!"

बाउमान म्हणाला, "आल्झो, बरं, यादी दे ना मग."

निलेशने तिथेच रागारागाने यादी केली. नऊ कामं झाली. मग ती वाचली. वाचता वाचता आवाज खाली गेला. नवातली सात कामं त्याची स्वतःची होती!

* * *

अमोल एमटेक. तो इंग्रजी लिहीत नाही. मोबाइलमध्ये मराठीत बोलतो, मोबाइल त्याचं गोड इंग्रजी करून देतो. तो न वाचता पाठवतो.

ऑक्टोबरमध्ये घरातलं हीटिंग बंद पडलं. अमोलने घरमालकाच्या ऑफिसला मेल केला. "बघा बाबा, दोन मिनिटांत काम!"

चार दिवस झाले. मी घरात दोन स्वेटर आणि माकडटोपी घालून बसलो. पाचव्या दिवशी उत्तर आलं. "आपल्या शुभेच्छांबद्दल मनापासून आभार. आपल्यालाही उबदार हिवाळा लाभो."

मुग्धाने अमोलचा मूळ मेल उघडून वाचला. सगळा मेल अदबीचा होता. हीटिंगबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी माकडटोपी काढून अमोलच्या डोक्यावर घातली.

* * *

आता माझं. मी सातवी पास. लपवायचं काही नाही. कारखान्यात लेथवर टर्नर होतो. ड्रॉइंगवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचायचो, पण सलग वाक्य म्हटलं की गाडी अडायची.

वर्गात माझी पाळी आली. पान समोर. अक्षरं ओळखीची, शब्द परके. सगळे थांबलेले. तेवढ्यात मुग्धा म्हणाली, "बाबांचा चष्मा वर राहिलाय. ते नंतर वाचतील."

चष्मा माझ्या नाकावर होता!

बाउमानने तो पाहिला. बोट वर करून तो काही बोलणार, तोच मुग्धाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने बोट खाली घेतलं आणि पान उलटलं. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला, तिच्या बसच्या आधी, आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसू लागलो. ती लायब्ररीतून लहान मुलांची पुस्तकं आणायची. मी बोट ठेवून वाचायचो. ती डबा भरता भरता ऐकायची. एकदाही कंटाळली नाही.

कुणाचं देणं अंगावर ठेवायची मला सवय नाही. हे मात्र बसलं.

* * *

सप्टेंबरात बसमध्ये निलेश भेटला. माझ्या हातात पुस्तक.

"काय काका, सशाची गोष्ट?"

"हो. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तू शेवटचं काय वाचलंस पूर्ण?"

त्याने बराच विचार केला.

"पगाराची स्लिप, काका."

* * *

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. साहेबाने मुग्धाला सांगून ठेवलं होतं, "हे शेवटचं माहितीपत्रक. हे बघून ठरवतो." घरी ब्लड प्रेशर मोजायच्या यंत्राचा कागद होता. सोमवारी द्यायचा होता. तिने कागद आणि यंत्र दोन्ही वर्गात आणलं.

तिघं लाल पेन घेऊन तुटून पडले. एका ‘द’वरून अमोल आणि निलेशचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. दीड तासाने बाउमान म्हणाला, "परफेक्ट! एकही चूक नाही."

मी म्हणालो, "मला द्या."

"बाबा, झालंय आता सगळं," अमोल म्हणाला.

"ड्रॉइंग नुसतं वाचून पास करत नाहीत. वाचायचं आणि तसा हात चालवायचा."

मी ओळीवर बोट ठेवलं. पट्टा दंडावर बांधा. बांधला. हात टेबलावर ठेवा. ठेवला. बटण दाबा. दाबलं. आवाज येईपर्यंत हलू नका, बोलू नका.

पट्टा फुगला, सैल झाला. मी थांबलो.

"किती आलं, बाबा?" मुग्धाने विचारलं.

मी गप्प.

"बाबा?"

गप्प.

निलेश म्हणाला, "काका, चहा घेणार?"

चहाला मी आजवर गप्प बसलेलो नाही. तिथे सगळे घाबरले.

अमोल ओरडला, "लकवा आला की काय! बाबा, हात वर करा! हसून दाखवा!"

मी हसलो नाही. पण मी एरवीही हसत नाही, त्यामुळे त्यांना काही ठरवता येईना.

बाउमान अँब्युलन्सला फोन लावायला लागला. मुग्धा माझ्यासमोर खाली बसली. रडकुंडीला आली होती. मी डोळे कागदाकडे वळवले. डोळे हलवू नका असं लिहिलेलं नव्हतं.

तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग यंत्र उलटं केलं. मागे एक छोटी कळ होती. आवाज चालू करायची. कंपनीतून यंत्र येतं तेव्हा ती बंद असते. कागदात तिचा कुठे उल्लेखच नव्हता!

तिने कळ सरकवली. यंत्र वाजलं.

"फोन ठेव," मी बाउमानला म्हणालो.

रविवारी मुग्धाने यंत्र मांडीवर घेऊन सगळा कागद पुन्हा लिहिला. घाईत दोन ‘द’ चुकले. साहेबाने त्यांच्यावर लाल रेघा मारल्या आणि खाली सही केली.

गुरुवारी ती कायम झाल्याचं पत्र घेऊन आली. माझ्यापुढे ठेवलं. मी बोट ठेवून सगळं वाचलं, खालच्या बारीक अक्षरांसकट. ती नमस्काराला वाकली. मी तिला अडवलं.

"नको," म्हणालो. "फिटलं."