जहाजावरचं दुसरं टेबल

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर थोडंसं हसण्यासाठीच वाचते. कुणाला पुलाजवळ बाई दिसते, कुणाला बंद खोलीत पावलं ऐकू येतात... मी मनातल्या मनात काहीतरी कारण शोधायची आणि मोकळी व्हायची. आमच्या घरात असलं काही बोललंच जात नाही. तपासून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे पप्पांनी लहानपणीच डोक्यात बसवलंय. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय. भीतीने नाही, लाजेने.

आम्ही जालन्यात राहतो. पप्पा बियाण्यांच्या कंपनीत फील्ड ऑफिसर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. सगळी नोकरी शेताच्या बांधावर उभं राहून बोलण्यात गेली, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज बांधावरचाच असतो. मम्मी शहागडची, गोदावरीकाठची. मी एकुलती एक. इंग्लिश मीडियममध्ये शिकले, आता पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते.

यंदा मम्मी-पप्पांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस. मीच ठरवलं की त्यांना उन्हाळ्यात युरोपच्या क्रूझवर न्यायचं, तिघांनी जायचं. संभाजीनगरच्या एका एजंट मॅडमनी दोन पर्याय पाठवले. एक समुद्रातलं प्रचंड जहाज, इटली-ग्रीसकडचं. दुसरी डॅन्यूब नदीतली छोटी बोट, जी गावागावांना थांबत जाते. मी दोन्हींचे फोटो टीव्हीवर लावले.

मम्मीचं तिथेच ठरलं. "ही नदीवाली घे. बघ ना, दोन्ही काठ दिसून राह्यलेत. समुद्रात काय बघायचं, नुसतं पाणी."

"अगं, शहागडचा पूल दिसून राह्यला का काय तुला तिथं?" पप्पा म्हणाले. "ते जहाज बघ की! बिल्डिंग हाय बिल्डिंग. आपल्या कॉलनीत एक लिफ्ट न्हाई, अन् पाण्यावर लिफ्ट!"

"मंग बसा तुम्ही लिफ्टमधी वर-खाली करत. मी खिडकीतून काठ बघते."

दोघंही हसले. मी नाही हसले, कारण मला मोठंच जहाज हवं होतं, आणि लिफ्टसाठी नाही.

नदीवरच्या बोटीत माणसं कमी. एकच डायनिंग हॉल, रोज तीच तोंडं शेजारी. पप्पा वरण भुरकून खातात. जेवण झालं की खळखळून चूळ भरतात, अगदी हॉटेलातसुद्धा. मम्मी खुर्चीवरही एक पाय वर घेऊन बसते. मोठ्या जहाजावर हजारो माणसं असतात, तिथे कोण कुणाचे आई-वडील हे कुणाला कळणार? हे असं स्पष्ट शब्दांत मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. पण मम्मीला मी सांगितलं, "नदीवाली फुल झाली गं." ती फुल झालेली नव्हती.

"असं का," मम्मी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी विहारातल्या बायकांना मोठ्या जहाजाचं सांगूनही आली.

मी इथेच थांबले नाही. गच्चीवर जाऊन एजंट मॅडमना फोन केला. आई-वडिलांची अ‍ॅनिव्हर्सरी आहे, त्यांना प्रायव्हसी हवी, त्यांचं टेबल वेगळं ठेवा आणि माझं जरा लांब, असं इंग्लिशमध्ये सांगितलं. त्या म्हणाल्या, "सो स्वीट ऑफ यू, मॅम." मी थँक्यू म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारची सकाळ. मॅडमनी जहाजाच्या व्हर्च्युअल टूरची लिंक पाठवली होती. माउसने चित्र फिरवलं की आपण आतून चालतोय असं वाटतं, ती. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. कूलर चालू होता. मम्मी खाली बसून लसूण सोलत बघत होती, पप्पा सोफ्यावर. लिफ्ट दाखवून झाली, स्विमिंग पूल दाखवून झाला, आणि तेवढ्यात बाहेर गलका झाला... नळ आले! आमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं हे जालनेकरांना सांगायला नको. पप्पा बनियनवरच पाइप घेऊन धावले. आम्ही दोघीच उरलो.

मी डायनिंग हॉल उघडला. पांढरे टेबलक्लॉथ, काचेचे ग्लास, सगळ्या खुर्च्या रिकाम्या. असे फोटो रिकाम्या हॉलचेच काढतात. मी चित्र डावीकडे फिरवलं. खिडकीजवळच्या टेबलावर दोन माणसं पाठमोरी बसली होती.

पुरुषाच्या कॉलरला मागून रुमाल खोचलेला. पप्पा उन्हात फिरताना खोचायचे, ती सवय अजून गेलेली नाही. बाईच्या अंगावर हिरवी साडी, पिवळ्या काठाची, मम्मीने मावसभावाच्या लग्नात घेतलेली. टेबलावर आमची स्टीलची बाटली, बुडाशी चेपलेली. दोघं हाताने जेवत होते. आणि बाईचा एक पाय खुर्चीवर होता.

मला सगळ्यात आधी काय वाटलं ते खरं लिहिते. भीती नंतर आली. आधी वाटलं... अरे देवा, मम्मीने इथेही पाय वर घेतला!

मग दिसलं की बरंच पलीकडे, खांबाजवळच्या टेबलावर एक मुलगी एकटी बसली आहे. त्या दोघांकडे पाठ करून. माझा निळा कुर्ता, माझा चष्मा, हातात मोबाइल. मान खाली.

मी माउस झटकला. चित्र गरकन फिरलं. परत जागेवर आणलं, तर हॉल रिकामा. खिडकीजवळ कुणी नाही, खांबाजवळ कुणी नाही. मम्मी लसूण सोलत राहिली. बाहेरून पप्पा ओरडले, "मोटार लाव गं जल्दी, पाणी वाया चाललंय!" मी उठले आणि मोटार लावली.

नंतर ती लिंक मी फोनवर उघडली, पुन्हा लॅपटॉपवर उघडली. काही नाही. मॅडमना सहज विचारल्यासारखं करून विचारलं. त्या म्हणाल्या, टूरमध्ये माणसं नसतातच. टीव्हीच्या काचेत आमचंच प्रतिबिंब पडलं असेल म्हणावं, तर पप्पा टाकीजवळ होते, मम्मी जमिनीवर बसली होती, हिरवी साडी कपाटात होती आणि माझा निळा कुर्ता गच्चीवर वाळत होता. शेवटी ठरवलं की मनात खोट होती म्हणून भास झाला. त्या कारणाने मला जवळजवळ बरंच वाटलं.

संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, मम्मी भाजत होती. तव्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "तू दुसऱ्या टेबलावर का बसल्तीस गं?"

"कुठं?"

"सकाळी. टीव्हीत." तिने पोळी उलटली. "मला वाटलं, आपलं भांडण झालं का काय."

पोळपाटावरची पोळी कडेला फाटली.

"तुझ्या पप्पानं न्हाई बघितलं," ती म्हणाली. "बरं झालं. त्यांना लागलं असतं."

"मम्मी, तो... कसला तरी फोटो होता."

"असंल." तिने भाजलेली पोळी डब्यात ठेवली. "मोठंच जहाज बराबर हाय. गर्दी असती. तुला बरं पडंल."

मी तिच्याशी गर्दीबद्दल कधी बोलले नव्हते. गच्चीवरचा फोन इंग्लिशमध्ये होता, आणि त्या वेळी ती विहारात गेली होती. भास मला झाला असं धरलं, तर तोच भास तिला कसा झाला? आणि टेबलं वेगळी आहेत हे तिला कुणी सांगितलं? मी खूप विचार करून पाहिला. तपासण्यासारखं जे होतं ते सगळं तपासलं. पुढे रस्ताच नाही.

दोन दिवसांनी हॉलमध्ये, मम्मीसमोर बसून, मॅडमना फोन लावला. मुद्दाम मराठीत बोलले. नदीवाली बोट करा, तिघांचं एकच टेबल ठेवा. मॅडम गोंधळल्या, मग म्हणाल्या होईल. पप्पा शेजारून ओरडत होते, "लिफ्ट हाय का विचार! न्हाई? बिलकुल न्हाई? मंग जिना तरी हाय का दोरीनं चढायचं?" फोनमधून मॅडमचं हसू ऐकू आलं. माझे कान तापले. तरी मी फोन म्यूट केला नाही, एवढंच.

पप्पा बाहेर गेल्यावर मम्मी मला म्हणाली, "फुल झाल्ती ना ती?"

"नव्हती झाली."

तिने मान डोलावली, जणू हे तिला आधीच माहीत होतं. मग विचारलं, "तुला जमंल का?"

टोमणा नव्हता त्यात. दहावीच्या पेपरला निघताना विचारायची ना, अगदी तसं विचारलं.

"जमेल," मी म्हणाले.

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "न्हाई जमलं तर सांग, लपवू नको. आम्ही दोघं खोलीतच जेवत जाऊ."

जूनमध्ये निघतोय आम्ही. त्या सकाळी टीव्हीवर काय आलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. मम्मीच्या त्या खोलीत जेवण्याच्या बोलण्याला मात्र मला अजून उत्तर देता आलेलं नाही.