नझीरच्या बदल्यात दोन

मी मस्कतला निघाले त्या दिवशी मला पावसच्या एसटीपर्यंत सोडायला आई आणि बाबा दोघंच आले होते. धाकटा भाऊ महेश आला नाही. त्या दिवशी सड्यावरच्या मैदानात सेमीफायनल होती आणि तो आमच्या वाडीचा कॅप्टन होता. मीच त्याला म्हटलं होतं, तू तिकडेच जा. आई पिशवीत काय काय कोंबत होती, तळलेले बोंबील, आंब्याच्या साठाची गुंडाळी, मस्कतच्या विमानतळावर उघडून बघितलं तर काय सांगायचं, असा मला प्रश्न. गाडी वळणावर दिसली तेव्हा बाबा एकच वाक्य बोलले.

"वही कोणाकडे दिलीस?"

मी लॅब टेक्निशियन म्हणून परदेशात चालले होते, पहिल्यांदा विमानात बसणार होते, आणि बाबांना काळजी होती ती स्कोअरच्या वहीची. पण ते बरोबरच विचारत होते. दहावीपासून मी वाडीच्या टीमचा स्कोअर लिहीत होते. खेळणारे पोरगे एकमेकांवर विश्वास ठेवत नसत, म्हणून कुणीतरी म्हणालं, हिला बसवा, ही खेळत नाय आणि खोटं बोलत नाय. त्यातून मला सवय लागली. कोण किती मारतो यापेक्षा कोणामुळे सामना फिरला हे मला दिसायला लागलं.

"नझीरदादाकडे," मी म्हटलं. बाबांनी मान हलवली. त्यांना पटलं.

नझीर आमच्याच वाडीतला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. सोळाव्या वर्षापासून वाडीच्या टीममध्ये. दोन पावलं चालत येऊन टेनिस बॉल सोडायचा, तो असा यायचा की बॅट फिरून गेल्यावर पोचायचा. बघणाऱ्याला वाटायचं, यात काय आहे? मला विचारा यात काय होतं. नझीरच्या ओव्हरमध्ये धावा निघायच्या नाहीत, समोरचा कावायचा, आणि पुढच्या ओव्हरला दुसऱ्या कुणाला तरी मारायला जाऊन झेल द्यायचा. विकेट दुसऱ्याच्या नावावर, टाळ्या दुसऱ्याला. नझीर आपला सीमेवर जाऊन उभा. अशा माणसाची किंमत व्हिडिओत दिसत नाही, ती ओळीने लिहीत बसणाऱ्यालाच दिसते. शिवाय मैदानाचं पिच तोच करायचा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सगळा जांभा दगड, गवतही धड उगवत नाही. त्यावर लाल माती आणून, पाणी मारून, रोलर ओढून बावीस पावलांची पट्टी तयार करायची, ती दरवर्षी नझीरने केली. कोणी सांगितलं म्हणून नाही.

त्या काळी टीम म्हणजे वाडी. ज्या वाडीत जन्मलात तिच्याकडून खेळायचं. खाडीपलीकडच्या वाडीत एखादा भारी बॅट्समन असला तर आम्ही त्याला शिव्या घालायचो, त्याला विकत घ्यावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी मस्कतला गेले आणि नऊ वर्षांत हे सगळं पालटलं. आता आमच्याकडे लीग आहे. लीगला मालक आहेत, स्टेजवर सोफे आहेत, खेळाडूंचा लिलाव होतो, आणि तो आम्ही परदेशात गेलेले फोनवर लाइव्ह बघतो. शुक्रवारी माझी सुट्टी. सकाळी चहा घेऊन बसायचं आणि आपल्या गावच्या पोरांवर हातोडा पडताना बघायचा. खरं सांगते, पहिल्या वर्षी मलाही मजा वाटली. आपल्या वाडीचं नाव बॅनरवर, लाउडस्पीकरवर, कुणाला नाही आवडणार? मीही ग्रुपवर अंगठे दाखवले. तो माझा दोष, तो आधीच मान्य करते.

यंदा लिलाव झाल्यावर लीगने एक नवा नियम काढला. सीझन सुरू व्हायच्या आधी दोन टीमनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची. आणि एका शुक्रवारी ग्रुपवर पोस्टर आलं. नझीरचा जुना फोटो, त्यावर बाण, बाणाच्या दुसऱ्या टोकाला खाडीपलीकडचे एकोणीस-एकोणीस वर्षांचे दोन पोरगे. खाली लिहिलं होतं, 'भविष्यासाठी मोठा निर्णय'. त्याखाली आगीची चित्रं, फटाक्यांची चित्रं. वाडीतल्या चाळीस माणसांनी अभिनंदन केलं होतं. कोणाचं अभिनंदन, ते मला कळेना.

मी बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "त्याला कोणी सांगितलान नाय गो. तो सड्यावर पिचला पाणी मारत होता. तिथे कुणीतरी फोन दाखवलान."

मी महेशला लावला.

"ताई, तू तिकडे बसून नको बोलूस," तो म्हणाला. "नझीर छत्तीसचा झाला. आम्हाला बॅटिंग पाहिजे. हे दोघे पोरगे अजून दहा वर्षं खेळतील."

"मग तसं त्याला तोंडावर सांगायचं होतंस."

"नियमात आहे ते. मालकांनी ठरवलं, मी फक्त हो म्हटलं."

"तू फक्त हो म्हटलंस? वीस वर्षं आपल्याकडून खेळलेला माणूस, आणि तू फक्त हो म्हटलंस?"

"भावनेवर टीम चालत नाही, ताई."

मी फोन ठेवला. हे वाक्य त्याचं नव्हतं. कुठल्या तरी स्टेजवरून उचललेलं होतं. आणि मला भावनेचं सांगतोस? आठ वर्षं प्रत्येक बॉल मी लिहिलाय. शेवटच्या ओव्हरमध्ये चार-पाच धावा राखून नझीरने किती सामने वाचवले ते तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा कीपिंग सोडून आभाळाकडे बघत हात जोडून उभा असायचास.

मलाही एकदा असं बदललं होतं, हे इथे सांगायला हवं. मस्कतच्या आमच्या कंपनीची तीन क्लिनिकं आहेत. एका सकाळी ईमेल आला, उद्यापासून तुमची ड्युटी दुसऱ्या क्लिनिकमध्ये. पाच वर्षं जिच्या शेजारी बसून सॅम्पल लावले त्या केरळच्या मैत्रिणीला मी धड निरोपही दिला नाही. पण मी रडले नाही, चिडलेही नाही. व्हिसा त्यांचा, रोस्टर त्यांचं. कंपनीकडून मी दुसरी अपेक्षाच केली नव्हती. वाडीकडून केली होती. म्हणून माझं डोकं फिरलं.

सुट्टी जूनमध्ये घेणार होते, ती एप्रिलमध्येच घेतली. घरी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेटीवर गेले. नझीर एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मला बघून हसला.

"काय गो, माझ्यासाठी भांडायला आलीस काय?"

"हो."

"कशाला? माझ्या बदल्यात दोन घेतलानी. म्हणजे मी दोघांच्या बरोबरीचा." तो स्वतःच हसला. मग म्हणाला, "आणि तू पण गेलीस ना वाडी सोडून? तेव्हा मी काय बोललो?"

"मी माझी गेले, नझीरदादा. मला कोणी पाठवली नव्हती."

त्याने हात बाहेर काढला, चिंध्यांना पुसला.

"ता खरा," तो म्हणाला. "जाण्याचं काय नाय गो. तिकडची पण माणसंच आहेत, चांगली ठेवतात. पण मी पाणी मारत होतो ना, तेव्हाच खालच्या रस्त्यावरनं महेशची गाडी गेली. हॉर्न वाजवलान. थांबला नाय."

पुढच्याच रविवारी आमची वाडी आणि खाडीपलीकडची टीम यांचा सामना होता. मी काजूच्या सावलीत खुर्ची टाकून बसले, बाबा शेजारी. आमच्या वाडीला शेवटच्या ओव्हरमध्ये नऊ धावा हव्या होत्या. बॉल नझीरच्या हातात. बॅट घेऊन समोर त्या दोन पोरांपैकी एक, ओंकार. आमच्या वाडीतल्या बायाबापड्या कोणासाठी ओरडावं ते न कळून एकमेकींकडे बघत होत्या.

चार बॉलमध्ये चारच धावा. मी मुठी आवळून बसले होते, आणि कबूल करते, माझ्या वाडीने हरावं म्हणून बसले होते. पाचवा बॉल तसाच आला, नेहमीसारखा उशिरा. पण ओंकार पुढे आला नाही. तो चार बॉल नुसता बघत होता हे माझ्या आता लक्षात आलं. तो मागे थांबला, बॉल पोचेपर्यंत थांबला, आणि मग मारलान. काजूंच्या पलीकडे. सिक्स. सामना संपला.

ढोल वाजायला लागले. महेश धावत माझ्याकडे आला, घामाने भिजलेला.

"बघितलंस, ताई? आता बोल!"

"बघितलं," मी म्हटलं. "पोरगा सोन्यासारखा आहे. नझीरचा बॉल असा वाचणारा मी दुसरा बघितला नाही. तुझा सौदा बरोबर होता."

त्याला हे अपेक्षित नव्हतं.

"आणि तू वागलास ते चुकीचं होतं. सौदा बरोबर निघाला म्हणून ते बरोबर होत नाही. तू हरला असतास तरी मी हेच बोलले असते."

"मग काय करू? परत आणू त्याला?"

"नको. त्याच्या घरी जा."

महेश खाली बसला. बुटाची लेस सोडली, पुन्हा बांधली. "लाज वाटत होती गो," तो हळूच म्हणाला. "त्याने मला बॉल पकडायला शिकवलान. काय तोंडाने सांगणार होतो?"

"त्याच तोंडाने," बाबा म्हणाले. इतका वेळ ते मध्ये पडले नव्हते.

संध्याकाळी आम्ही दोघं नझीरच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याच्या आईने, आमच्या खालाने, कोकमाचं सरबत आणून ठेवलं आणि मुद्दाम दारातच उभी राहिली. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि ती तो लपवतही नव्हती. महेशने पेल्याला हात लावला नाही.

"नझीर, तुला तिकडे मी दिला," तो म्हणाला. "मालकांनी नाय, मी. मला बॅट्समन पाहिजे होते. त्या दिवशी तुला बघून गाडी थांबवली नाय, ता पण मीच."

नझीरने सगळं ऐकून घेतलं.

"बरा झाला बोललास," तो म्हणाला. "आता ऐक. पुढच्या वर्षी मी तुमच्याविरुद्धच खेळणार. त्या पोरग्याला बॉल कुठे टाकायचा ता मला आज कळला. आणि सड्यावरचा पिच आता मी करणार नाय. ता तुमचं तुम्ही बघायचा."

महेशने मान खाली घातली. नको म्हणायचा हक्क त्याला नव्हता, हे त्याला कळलं होतं. मग तो सरबत प्यायला, आणि खाला दारातून आत गेली.

हे मी लिहिते आहे ते तुम्हा सगळ्यांसाठी. वाडीत राहिलेल्यांसाठी, आणि दुबई, कतार, मुंबई, जिथे असाल तिथे फोनवर लिलाव बघत बसलेल्यांसाठी. लीग करा. मालक आणा, सोफे आणा. नवी पोरं घ्या, ती हिऱ्यासारखी आहेत. माणूस म्हातारा होतो, त्याची जागा दुसरा घेतो, यात अन्याय नाही. माझी जागाही वाडीत कोणीतरी घेतली असेलच, घ्यायलाच हवी. पण पोस्टर काढण्याआधी त्या माणसाच्या घरी जा. आम्ही बाहेर गेलेल्यांनी ईमेलची सवय करून घेतली, कारण आम्हाला दुसरा इलाज नव्हता. तुम्हाला आहे. दोन मिनिटांवर त्याचा ओटा आहे.

लोक मला विचारतात, आता तुझं घर कुठलं? इतकी वर्षं मला उत्तर देता येत नव्हतं. मस्कतची खोली माझ्या नावावर नाही, आणि वाडीतल्या अर्ध्या पोरांना माझं नाव माहीत नाही. आता सांगते. जिथून तुम्हाला काढायचं असेल तर कुणालातरी येऊन तुमच्यासमोर बसावं लागतं, आणि ते बोलताना त्याची जीभ अडखळते, ते घर. ती अडखळ जिथे उरलेली नाही तिथे मी नोकरी करीन. राहणार नाही.