गुरुवारचा कट्टा आणि मुल्ला मॅडमचा तास

प्राध्यापक एकत्र बसले की ज्ञान किती वाढतं ठाऊक नाही, किस्से मात्र दुधासारखे उतू जातात! विद्यापीठातल्या आमच्या अर्थशास्त्र विभागात दर गुरुवारी चहाला कट्टा भरतो. कागदावर त्याचं नाव ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’. एकानं शिकवण्याची आपली युक्ती सांगायची, बाकीच्यांनी ती बिनधास्त उचलायची.

*

पहिली युक्ती विभागप्रमुख चौगुले सरांची. “नमुना पाहणी शिकवायची तर मिसळीचा कट न्या. एका चमच्यात अख्ख्या पातेल्याची चव कळती!”

मी डबाभर कट वर्गात नेला. पहिल्या बाकावरून आवाज आला, “सर, नुसत्या चमच्यानं काय कळत न्हाय, पाव आणा की!”

*

मग मी माझ्या स्लाइड सगळ्यांना दिल्या. अकराव्या स्लाइडवर चुकून आमच्या कोडोली गावच्या म्हशीचा फोटो राहिलेला. न बघता उचलायची आमची परंपरा जुनी! आठवडाभरात म्हैस चार वर्ग फिरून आली.

पोरांनी चौगुले सरांना विचारलं, “सर, ही म्हैस परीक्षेला हाय?”

सर डगमगले नाहीत. “हाय की! पाच मार्काला!”

दुसऱ्या दिवशी दोघंजण माझ्याकडं म्हशीच्या नोट्स मागायला आले.

*

मुल्ला मॅडम आमच्यात सगळ्यात नव्या, तासिका तत्त्वावर. आवाज इतका मऊ की तिसऱ्या बाकापलीकडं नुसता गोंगाट. पुढच्या वर्षी त्यांना ठेवायचं की नाही, ते चौगुले सर तास बघून रिपोर्टात लिहिणार होते. बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या.

“डस्टर आपटा,” मी म्हटलं. त्यांनी आपटला. अर्धा तास शिंकण्यात गेला.

“नुसतं टक लावून बघा,” चौगुले सर म्हणाले. त्यांनी बघितलं. एका पोरीनं काळजीनं विचारलं, “मॅडम, बरं वाटत न्हाय का? पाणी आणू?”

आम्ही हसलो खरे, पण मला त्यांची फार काळजी वाटत होती.

*

रिपोर्टाच्या दिवशी चौगुले सर आणि मी शेवटच्या बाकावर बसलो. मॅडम मागणीचा नियम शिकवत होत्या. दहा मिनिटांत सरांना राहवेना.

“जोतिबाच्या जत्रंतल्या नारळाचं उदाहरण द्यायला पायजे हुतं की!” सरांची कुजबुज शेजारच्या इमारतीत ऐकू जाते. “व्हय, व्हय,” करत मीही सुरू झालो. सगळा वर्ग वळून आमच्याकडं बघायला लागला.

“शेवटचा बाक! दोघंही उभे राहा. बोलायचं असेल तर बाहेर!” मॅडमचा आवाज थेट शेवटच्या बाकापर्यंत आला.

चौगुले सर उठले. “अवो मॅडम, मी रिपोर्ट लिवायला आलोय!”

“बाहेर उभं राहून लिहा.”

आम्ही मुकाट बाहेर गेलो. सरांनी कागद भिंतीला टेकवला आणि ‘वर्गावर नियंत्रण’ या रकान्यात लिहिलं, “उत्तम. स्वतः अनुभवलं.”