रेसच्या ट्रॅकचा आम्ही हौद केला

मी रेसच्या ट्रॅकवर पहिलं पाऊल ठेवलं ते चपला काढून.

यात भक्तिभाव वगैरे काही नव्हता. समोर लांबरुंद तांबडी माती दिसली आणि माझे कोल्हापुरी पाय मला न विचारताच चपलांतून बाहेर आले. तालमीत कुस्तीच्या मातीच्या हौदात चपला घालून उतरणाऱ्याचं वस्ताद काय करायचे, ते पायांना पक्कं आठवत होतं. आपण मिल्टन कीन्सच्या कडेला उभे आहोत आणि हा हौद नसून मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे, हे डोक्याला जरा उशिरा आठवलं. तोवर दोन पावलं टाकून झाली होती. इंग्लंडातला १९७६चा उन्हाळा! पावसाचा थेंब नाही, गवत वाळून पापड झालेलं, आणि माती तर तापलेला तवा. तिसरं पाऊल मी टाकलंच नाही. ते हवेत धरून "आई आई गं!" करत एका पायावर नाचू लागलो.

माझ्याबरोबर आला होता माझा मेहुणा मधू. ईलिंगला आमच्याकडेच राहायचा, एका कारखान्यात इंजिनिअर होता, आणि त्या वर्षी त्यानं आयुष्यातला पहिला मोठा मूर्खपणा केला होता: मित्राबरोबर भागीत रेसची गाडी घेतली होती. उघडी चाकं, बोडकं इंजिन, बसायला जेमतेम बादलीएवढी जागा. मधू तिला 'स्प्रिंट कार' म्हणायचा. माझी बायको सुधा तिला 'ती तिरडी' म्हणायची.

"दाजी, अहो काय करताय? लोक बघतायत!" मधू दातांतल्या दातांत म्हणाला.

लोक म्हणजे एकटा रॉन. साठीचा, उन्हानं भाजून ट्रॅकच्याच रंगाचा झालेला माणूस. या ट्रॅकची माती गेली अठरा वर्षं तोच राखत होता. तो रोलरला टेकून माझं नृत्य एकटक पाहत होता. आता अब्रू वाचवायला काहीतरी करणं भाग होतं. मी खाली वाकलो, चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली, नाकाशी नेली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "हिच्यात जीव राहिलेला नाही."

रॉनच्या तोंडातली सिगरेट खाली पडली.

"हेच! अगदी हेच मी महिनाभर सांगतोय! तुम्हाला मातीतलं कळतं?"

"कळतं म्हणजे?" मधूची छाती फुगली. "दाजींचं अख्खं बालपण मातीत गेलंय!"

(खरी गोष्ट अशी, की मी तालमीत एकूण अकरा दिवस गेलो. माझी अंगकाठी बघून वस्तादांनी मला कुस्तीत न उतरवता हौदाची माती उकरायला आणि कालवायला लावलं. बाराव्या दिवशी मला ताप आला. पण हे सगळं रॉनला सांगण्याची ती वेळ नव्हती.)

रॉननं मग आपलं दुःख सांगितलं. ट्रॅक करायचा म्हणजे एक रीत असते. आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारायचं, वरचा थर खरवडून सारखा करायचा, रोलर फिरवायचा, मुरू द्यायचं, परत पाणी, परत रोलर. बुटाची टाच दाबली की खूण उठली पाहिजे, पण माती बुटाला चिकटता कामा नये. मगच चाकं पकड घेतात आणि धूळ उडत नाही. पण आता सरकारनं पाण्यावर बंदी आणलेली! बागेला पाणी नाही, गाडी धुवायला नाही, तर ट्रॅकला कोण देतो? मागच्या शर्यतीला असा धुरळा उठला, की कुंपणापलीकडच्या नव्या वसाहतीत दोऱ्यांवरचं सगळं धुणं तांबडं झालं. बायकांनी कौन्सिलकडे अर्ज केला.

"रविवारी कौन्सिलचा माणूस येतोय," रॉन म्हणाला. "धूळ कुंपणापलीकडे गेली की ट्रॅक बंद. कायमचा. मग इथे घरं होणार, आणि मी..." त्यानं नुसता रोलर थोपटला, म्हातारा बैल थोपटावा तसा.

मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की माझ्या तोंडावर माझा ताबा राहत नाही.

"पाणी हवंय कशाला?" मी म्हणालो. "आमच्याकडे मातीत पाणी घालतच नाहीत!"

"मग काय घालतात?"

"ताक. तेल. लिंबू. आणि हळद."

रॉननं टोपी काढली. त्या क्षणापासून तो मला 'प्रोफेसर' म्हणू लागला.

सुधा इस्पितळात डॉक्टर. शनिवारी तिची ड्यूटी होती, म्हणून मी फक्त एवढंच सांगितलं, "मधूला जरा मदत करून येतो." आणि बाहेर पडलो. ताक इंग्लंडात कुठून आणायचं, हा प्रश्न त्या उन्हाळ्यानंच सोडवला होता. रॉनच्या ओळखीच्या एका डेअरीत रोज दूध नासत होतं, आणि ते कुठे ओतावं या विवंचनेत मालक बसला होता. त्यानं टँकर भरून फुकट दिलं, वर आभार मानले. नासलेलं दूध म्हणजे ताक नव्हे, हे मला मान्य आहे. पण जवळचं नातं आहे. शेंगदाण्याचं तेल, लिंबं आणि दोन पोती हळद मी ईलिंगहून आणली. दुकानदारानं विचारलं, "रेस्टॉरंट उघडताय का?"

"छे, ट्रॅक करतोय."

त्यानं पैसे दोनदा मोजून घेतले.

"दाजी," पोती उतरवताना मधू म्हणाला, "दूध ठीक आहे, तेलही ठीक. पण गाड्यांना हळद कशाला?"

"पैलवानाला खरचटलं तर जखम चिघळू नये म्हणून."

"पण इथे पैलवान कुठे आहेत?"

"कृती अर्धवट करायची नसते, मधू!"

(आज वाटतं, आयुष्यात एखादी कृती अर्धवट सोडायची होती, तर ती हीच.)

मग दिवसभर आम्ही राबलो. दूध शिंपडलं, तेल शिंपडलं, हळद उधळली. दोन्ही वळणं तर मी रॉनकडून कुदळीनं हातभर खोल उकरून घेतली.

"प्रोफेसर, आम्ही माती दाबतो," रॉन चाचरत म्हणाला.

"आम्ही उकरतो. माणूस पडतो तिथं माती भुसभुशीत हवी. गाड्या कुठे पडतात?"

"वळणावर."

"मग!"

माझा युक्तिवाद बिनतोड होता. रॉननं रोलर शेडमध्ये नेऊन ठेवला. संध्याकाळी आम्ही तिघं कुंपणाशी उभे राहून पाहत होतो. उन्हात ट्रॅक नुसता सोन्यासारखा झळकत होता. रॉननं टाच दाबून पाहिली. खूण उठली, माती चिकटली नाही. धूळ? नाव नाही! रॉननं माझा हात दोन्ही हातांत घेऊन इतका हलवला, की मला पुन्हा तालमीची आठवण झाली.

रविवारी ऊन सकाळपासूनच कडक. ट्रॅकपासून मैलभर अलीकडेच सुधानं गाडीची काच खाली केली आणि नाक मुरडलं. (शर्यतीला डॉक्टर लागतोच, भावासाठी ती तयार झाली होती.)

"अहो, हा कसला वास? कुठेतरी दही फार आंबलंय."

"शेतं आहेत ना आजूबाजूला."

"शेतात दही पिकतं?"

मी गाडी चालवण्यात लक्ष घातलं.

कौन्सिलचे मिस्टर प्रिचर्ड पांढरा शर्ट घालून, वही घेऊन कुंपणापाशी उभे होते. त्यांनी कुंपणाला एक पांढरा शुभ्र रुमाल बांधला होता. रुमालावर धूळ बसली की ट्रॅक बंद, असा हिशेब.

"इथे काहीसा... चीजसारखा वास येतोय का?" त्यांनी विचारलं.

"गावाकडची हवा, सर!" रॉन म्हणाला आणि त्यानं तोंडासमोरची गांधीलमाशी हाकलली. तिच्याबरोबर निदान आणखी चाळीस होत्या.

पहिली शर्यत सुटली. आणि काय सांगू! गाड्या मातीला अशा धरून धावत होत्या, की ड्रायव्हर हात वर करून ओरडत होते. धूळ तसूभर नाही. प्रिचर्डसाहेब वाकून वाकून रुमाल बघत होते. शुभ्र! रॉनच्या डोळ्यांत पाणी. लोक टाळ्या वाजवत होते. मी दोघा अनोळखी माणसांना, न विचारता, कोल्हापूर कुठे आहे ते सांगून टाकलं.

मधूची शर्यत दुसरी. तोवर ऊन चढलं, तेल वर आलं, आणि पहिल्या शर्यतीच्या गाड्यांनी वरची पापडी फोडून ठेवली होती. झेंडा पडला. आठही गाड्या सुसाट वळणाकडे आल्या. माझ्या वळणाकडे! मधू पुढे होता. "मार, मधू, मार!" मी बोंबललो. मधूनं चाक वळवलं, मागची चाकं मातीत फिरली आणि त्यांच्यामागून हळदीचा असा पिवळाजर्द फवारा उठला, की जेजुरीचा भंडारा झक मारतो! ओला, तेलकट फवारा. तो प्रिचर्डसाहेबांच्या शर्टावर बसला, रुमालावर बसला, वहीवर बसला.

"अहो," सुधा अगदी शांतपणे म्हणाली, "त्या मातीत काय आहे?"

तेवढ्यात मधूची गाडी वळणातच खाली बसली. उलटली नाही, आदळली नाही. नुसती आसापर्यंत रुतली, म्हैस डबक्यात बसावी तशी. तिच्यामागे दुसरी रुतली, मग तिसरी. आठही गाड्या एकेक करून माझ्या हौदात अलगद येऊन बसल्या. सुधा बॅग घेऊन धावली. कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. (मी म्हणालोच होतो!) मधू गाडीतून बाहेर आला, तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. "ताई, मला काही झालं नाही," तो म्हणाला, "पण दाजी कुठे आहेत?" त्याचा आवाज मला आवडला नाही, म्हणून मी टँकरच्या मागे गेलो.

पंचांनी नियमांचं पुस्तक तीनदा चाळलं. शेवटी सर्वात पुढे रुतलेली गाडी विजयी, असा निकाल दिला. मधूच्या आयुष्यातला हा पहिला आणि शेवटचा कप!

पण खरा तमाशा अजून व्हायचा होता. त्या फवाऱ्याचे शिंतोडे कुंपणावरून उडून दोऱ्यांवरच्या चादरींवर पडले होते. पिवळे डाग पाहून वसाहतीतल्या बायकांनी लगेच चादरी साबणात घातल्या. हळदीला साबण लागला की काय होतं, हे मराठी घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? डाग लालभडक झाले! चाळीसेक बायका रक्तानं माखल्यासारख्या चादरी घेऊन फाटकातून आत शिरल्या. सर्वांत पुढची जोरात ओरडली, "तुम्ही लोकांनी इथे कोणाला मारलंय?"

प्रिचर्डसाहेबांनी पिवळ्या बोटांनी पिवळी वही उघडली. रॉननं टोपी हातात घेतली आणि तो ट्रॅककडे पाहत राहिला. अठरा वर्षं त्या एका नजरेत होती. हे सगळं माझ्यामुळे!

तेवढ्यात सुधा सरळ चिप्स विकणाऱ्या गाडीकडे गेली आणि चिप्सवर मारायच्या व्हिनेगरची बाटली घेऊन परत आली. पहिल्या बाईच्या हातातून चादर घेतली आणि लाल डागावर व्हिनेगर ओतलं. डाग पिवळा! बायकांनी "ऊऽऽ" केलं.

"ही हळद आहे," सुधा वॉर्डात पेशंटला सांगतात त्या स्वरात म्हणाली. "साबण लावू नका. व्हिनेगरनं लाल घालवा आणि चादरी दिवसभर उन्हात टाका. हळदीचा डाग उन्हात टिकत नाही. दोन दिवसांत जातो."

"आणि नाही गेला तर?" प्रिचर्डसाहेबांनी स्वतःच्या शर्टाकडे बघत विचारलं.

"नाही गेला तर करा ट्रॅक बंद. तुमचाही शर्ट काढा इकडे."

कौन्सिलचा अधिकारी बनियनवर उभा राहिला. डॉक्टरांनी सांगितल्यावर काय करणार?

त्या उन्हाळ्यानं सगळ्या इंग्लंडचं वाटोळं केलं असेल, पण आम्हाला तारलं. मंगळवारपर्यंत चादरी झाडून साऱ्या पांढऱ्या झाल्या. दोघी-तिघी तर म्हणाल्या, नव्या होत्या तेव्हाही इतक्या पांढऱ्या नव्हत्या. अर्ज मागे घेतला गेला. आठवड्यानं रॉन कौन्सिलचं पत्र घेऊन ईलिंगला आला, आणि दारातच त्यानं सुधाला अशी मिठी मारली, की ती लाजून स्वयंपाकघरात पळाली. पत्रात लिहिलं होतं: पाहणीत धूळ आढळली नाही, सबब शर्यती चालू ठेवण्यास हरकत नाही. खाली एकच अट होती: ट्रॅकवर खाद्यपदार्थ टाकू नयेत.

रॉन गेल्यावर मी जरा ऐटीत आरामखुर्चीत बसलो. म्हटलं, "काहीही म्हण सुधा, शेवटी ट्रॅक वाचला की नाही?"

"वाचला ना," ती पत्राची घडी घालत म्हणाली. "त्या बायकांच्या चादरींचे हळदीचे डाग दोन दिवसांत गेले. मला लग्नाच्या हळदीत जो डाग लागला त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून तुम्हाला उन्हात टाकतेय, काही फरक पडत नाही!"