विचारून आत आलेले धुळाअण्णा

धुळाअण्णांना गोळी द्यायची तर ती कसली हे आधी त्यांच्या कानात सांगावं लागे. मोठ्याने सांगून चालत नसे. ते पटक्याची कड वर सरकवून एक कान मोकळा करीत, माझ्या उंचीपर्यंत वाकत, आणि मी "ही झोपेची" किंवा "ही लिव्हरची" असं कुजबुजले की समाधानाने मान हलवून गोळी तोंडात टाकीत. हा काय प्रकार म्हणून मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला अगदी अडाण्यात काढलं. "मेंढराला औषध पाजायचं झालं तरी मी आदी त्येच्या कानात सांगतो," ते म्हणाले. "न्हाय तर त्ये दात आवळतंय. मला दात कमी हाईत, पर आवळायला येत्यात."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नर्सिंगचं शिक्षण संपवून सोलापूरच्या वेशीबाहेर, मोडनिंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खासगी दवाखान्यात नुकतीच लागले होते. तिथे दारू सुटावी म्हणून आणलेली माणसं असत आणि मनाच्या आजाराचीही असत. गावात आमच्या दवाखान्याला जे नाव होतं ते चारचौघांत उच्चारण्यासारखं नव्हतं. माझ्या आईने तर नव्या पेठेतल्या आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी डोळ्यांच्या दवाखान्यात असते असं सांगून टाकलं होतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी घरी आले की शेजारच्या दोन म्हाताऱ्या मोतीबिंदू दाखवायला येऊन बसत.

पण थापा मारण्यात आमचा दवाखाना माझ्या आईच्या कितीतरी पुढे होता. रोगी खरं सांगितल्यावर येत नाही, असा सगळ्यांचाच पक्का समज. त्यामुळे घरचे लोक काहीतरी बतावणी करून त्याला फाटकापर्यंत आणत आणि तिथून पुढची बतावणी आमचा फाटकवाला बशीरभाई करी. या कलेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एका शाळामास्तरांना चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून आणलं होतं, ते रोज सकाळी माझा चष्मा कधी येणार म्हणून विचारत. एका कारकुनाला मुलगी बघायला जायचंय असं सांगून आणलं होतं. तो नवा कोट घालून आला आणि नंतर बरेच दिवस आम्हा नर्सेसकडे अशा नजरेने बघे की आम्हाला तिकडे जायचं म्हणजे जिवावर येई.

धुळाअण्णा माळशिरसकडचे. माळावर मेंढरं राखण्यात जन्म गेलेला, उंच, काळासावळा, मिशा भरघोस आणि पोट दारूने सुजलेलं. त्यांच्या धाकट्या भावाने, म्हाळूने, त्यांना नव्या पेठेत घोंगड्या विकायला जाऊ म्हणून आणलं होतं. खांद्यावर घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन ते फाटकाशी आले. बशीरभाईने एकदा गठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आव चाचा, सेठ अंदर बैठेले हैं."

अण्णा आत आले आणि डॉक्टरांच्या टेबलावर घोंगड्या पसरून लोकरीची तारीफ करू लागले. डॉक्टरांनी त्यांची नाडी धरली, तेव्हा शहरात सौदा असाच ठरवत असतील असं समजून त्यांनी हात राहू दिला. डॉक्टर जीभ दाखवा म्हणाले, तेव्हा मात्र त्यांना शंका आली. गिऱ्हाइकाला आपल्या जिभेशी काय करायचंय, असा भाव चेहऱ्यावर आणून त्यांनी मागे वळून बघितलं. म्हाळू केव्हाच निघून गेला होता आणि फाटक लागलं होतं. अण्णांनी आरडाओरडा केला नाही. एकेक घोंगडी नीट घडी घालून गठ्ठा बांधला, तो मांडीवर घेऊन बसले आणि मला म्हणाले, "सांगून आणलं असतं तर चालत आलो असतो, बाई."

त्यानंतर त्यांनी औषधाला तोंड लावलं नाही. भाकरी खात, पाणी पीत, कोणाला उलटून बोलत नसत. पण गोळी पुढे केली की शांतपणे सांगत, "मी अजून आलोच न्हाय. मी घोंगड्या इकायला आलोय." पटका काढून ठेवा म्हटलं तर म्हणाले की डोकं दुरुस्तीला दिलेलं असलं तरी पटका दिलेला नाही, आणि इथे तर डोकंही अजून दिलेलं नाही. बाकीचे रोगी त्यांच्याभोवती जमून हसू लागले. हसू मलाही येत होतं, पण दारू तुटल्यामुळे त्यांचे हात इतके थरथरू लागले होते की बशीतला चहा ओठापर्यंत पोचत नव्हता. डॉक्टर म्हणाले, औषध पोटात गेलं नाही तर याला झटके येतील आणि त्यात हा जाईल. चौघांनी धरून सुई द्यायची असं ठरलं आणि हात धरायचं काम माझ्याकडे आलं.

मी म्हटलं, मी आधी त्यांना विचारून बघते. डॉक्टर माणूस भला होता, पण त्यांच्यामागे कामाची सतत घाई. "पेशंटला विचारत बसलो तर बरं कधी करायचं?" एवढं बोलून ते गेले, आणि मी अण्णांपाशी जाऊन बसले. तुम्ही 'यावं' म्हणून काय करायला हवं, असं त्यांना विचारलं. त्यांचं मागणं फार साधं होतं. मला फाटकाबाहेर न्या, खरं काय ते म्हाळूच्या तोंडाने सांगा आणि मग येणार का म्हणून विचारा.

निरोप गेल्यावर गावात पाहुण्यांकडे उतरलेला म्हाळू धावत आला आणि त्याने डॉक्टरांचे पायच धरले. फाटक उघडू नका म्हणत होता, कारण रस्त्याच्या पलीकडे चहाच्या दुकानाला लागूनच दारूचा गुत्ता होता. डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "पळाला तर तुम्ही धरून आणायचं, सिस्टर," ते मला म्हणाले. मी तेव्हा काडीसारखी होते आणि अण्णा दारातून वाकून जाणारा माणूस.

फाटक उघडलं. खिडक्या-खिडक्यांतून रोगी लटकले होते. चष्म्याच्या आशेवर असलेले मास्तर सर्वांत पुढे. अण्णा गठ्ठा खांद्यावर घेऊन बाहेर गेले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि वळले.

"म्हाळू, कुटं आणलंस मला?"

"दवाखान्यात," म्हाळू खाली बघत म्हणाला.

"कशापायी?"

"तू लई पितोस, अण्णा. मेंढरं सोडून वढ्यात पडतोस. वैनी जेवत न्हाय. तू मरशील म्हणून भ्या वाटतंय मला."

"ह्ये घरी का न्हाय सांगितलंस?"

"तू मारशील म्हणून."

अण्णांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "मारलं असतं," ते म्हणाले. "पर आलो असतो."

मग ते डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टर सपाता घालून रस्त्यावर आलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. कुठलं औषध देणार, सुरुवातीचे दिवस किती वाईट जातील, पुढे काय सुधारेल, हे त्यांनी अडखळत का होईना सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, राहणार का. इतकी वर्षं डॉक्टरकी करून हा प्रश्न त्यांनी रोग्याला कधी विचारला नसावा, कारण विचारताना ते लाजले.

"इचार करतो," असं म्हणून अण्णा सरळ गुत्त्याच्या दिशेने चालू लागले. म्हाळू मट्‌कन खाली बसला. बशीरभाईने बाह्या वर सारल्या, पण डॉक्टरांनी हात आडवा घातला. गुत्त्यासमोर अण्णा उभे राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, मी देवाचं नाव घेत होते. मग ते शेजारच्या दुकानात गेले, दोन्ही हातांत कप धरून, अर्धा अंगावर सांडत चहा प्याले आणि परत आले. फाटकातून आत पाऊल टाकून त्यांनी गठ्ठा बशीरभाईच्या हातात दिला. "धर. आता मी आलो."

त्यांचं समाधान तेवढ्याने झालं नाही. दाखल करताना म्हाळूने सही केली होती हे कळल्यावर ते पुन्हा अडून बसले. "दारू मी पितो आन सही म्हाळूची, ह्ये कसं?" डॉक्टरांनी मुकाट्याने त्यांचा अंगठा घेतला.

पुढचे काही आठवडे आमचा दवाखाना त्यांनी नुसता डोक्यावर घेतला. अण्णांना कानात सांगतात, मग आम्हाला का नाही, म्हणून प्रत्येक जण कान पुढे करू लागला, आणि सकाळच्या गोळ्या वाटता वाटता जेवणाची वेळ होऊ लागली. मास्तरांना मी चष्म्याची खरी हकीकत सांगितली, तर ते म्हणाले, मला पहिल्यापासून ठाऊक होतं, तुम्ही कुठवर रेटता ते बघत होतो. कारकून मात्र फार हिरमुसला. म्हणजे मुलगी मुळातच नव्हती का, असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. डॉक्टर आधी कुरकुरले, मग नवा रोगी आला की आपणच सपाता घालून फाटकाशी जाऊ लागले. सर्वांत पंचाईत बशीरभाईची झाली. इतक्या वर्षांची कला वाया गेल्यावर तो बिचारा अवघडून म्हणे, "चाचा, ये दारू छुडाने का दवाखाना है. अंदर आते क्या?" काही परत जात, हे खरं. पण आत येत ते स्वतःच्या पायांनी येत, आणि अशा माणसाला धरून ठेवायला चौघे लागत नाहीत हे आम्हाला हळूहळू कळलं.

मीही एका सुट्टीला त्या मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांना खरं सांगून टाकलं. आईने माझ्याशी अबोला धरला. मग त्यांतलीच एक माझ्यामागून हळूच जिन्यापर्यंत आली आणि मुलगा फार पितो, त्याला काय सांगून आणू, म्हणून विचारू लागली.

अण्णा बरे होऊन गेले. जाताना त्यांनी एक घोंगडी मला दिली. ती टोचेल, असं आधी कानात सांगून दिली.

दोनेक वर्षं गेली असतील. एका दुपारी बशीरभाई मला बोलवायला आला. कोणीतरी फाटकाबाहेर उन्हात उभा आहे आणि फाटक सताड उघडलं तरी आत येत नाही, असं म्हणाला. मी गेले तर अण्णा. पटका सैल झालेला, पोट पुन्हा सुजलेलं, हात थरथरत होते आणि वास तर दुरूनच येत होता. मला एकदम रडू आलं. रागही आला. इतकं करून शेवटी हेच का, असं तोंडावर आलं होतं. मी आजूबाजूला म्हाळूला शोधत विचारलं, "कोणी आणलं, अण्णा?"

"मीच आणलं मला."

"आणि काय सांगून आणलंत?"

"खरं सांगून," ते म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना धाप लागत होती.

मी त्यांचा हात धरून आत घ्यायला गेले, तर ते जागचे हलेनात. त्यांनी पटक्याची कड वर सरकवली, कान मोकळा केला आणि माझ्या उंचीपर्यंत वाकले.

मग मी विचारलं.