दादाच्या लॉरीची टाकी

बनारसात जन्मलेल्या माणसाला कावळ्याचं कौतुक नसतं. आमच्या घाटांवरचे कावळे पिंडांवर पोसलेले, माणसाच्या हातातली कचौडी पळवणारे. दहाव्याला कावळा शिवला म्हणजे मेलेल्याची इच्छा पुरी झाली, हे मी कधीच मानलं नाही. आमचं घराणं भिक्षुकांचं, वडिलांनी जन्मभर लोकांचे दहावे केले... कदाचित म्हणूनच मानलं नाही. आजही मानतो असं म्हणणार नाही. जे झालं ते लिहितो. संपादकांना पटलं तर छापावं, नाहीतर टोपलीत टाकावं.

लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. आम्ही दोघे भाऊ, घर बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पूजा सांगायची सोडून तो गाडी चालवायला शिकला, तेव्हा आमच्या मराठी मंडळींनी त्याची यथेच्छ टिंगल केली. "काय हो, स्टिअरिंगवर रुद्र म्हणता का?" असं विचारायचे. तो हसून सोडून द्यायचा. पुढे आम्ही भागीत लॉरी घेतली, ती डिझेलवर चालणारी. तेव्हा बनारसात अशा लॉऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. दादा बनारस–जौनपूर माल न्यायचा. मला इंग्रजी येत होतं, म्हणून कागदपत्रं आणि साहेबांशी बोलणं माझ्याकडे.

चैत्रात गाडी छावणीतल्या एजन्सीत सर्व्हिसला गेली. त्यांनी सगळं तपासलं, तेलाची टाकीसुद्धा उतरवून साफ केली. आणि तिथूनच दुखणं सुरू झालं. बनारसहून गाडी झकास निघायची, वाटेत पिंडरा गावाच्या आसपास खोकायला लागायची, दम तुटायचा आणि बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. एजन्सीत नेली की तिथे तर पहिल्या झटक्याला चालू. फोरमन साहेब हसायचा. "तुम्हारा ड्राइवर रास्ते में सोता है," म्हणायचा, आणि ते दादाच्या तोंडावर.

दादा चिडायचा नाही, विचार करायचा. एकदा गाडी बंद पडल्याबरोबर त्याने पंपाकडे येणारी नळी सोडून पाहिली. तेल थेंब थेंब येत होतं. अर्ध्या तासाने तीच नळी सोडली तर भरभरून धार. घरी येऊन मला म्हणाला, "पंपात काही नाही रे. इंजिन उपाशी मरतंय. टाकीत काहीतरी आहे. तेल ओढलं की ते तोंडाशी येऊन बसतं, ओढ थांबली की सुटतं. टाकी उतरवायला सांग."

मी त्या फोरमन साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, टंकी हमने साफ किया है, उसमें क्या होगा? पंप खराब आहे, कलकत्त्याहून नवा मागवावा लागेल. आणि आम्ही स्वतः एक नट जरी फिरवला तर गॅरंटी संपली. गाडी त्यांच्या आवारात अडकली.

साहेबाने माझ्यापुढे एक टाईप केलेला कागद ठेवला. बिघाड ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे झाला, आमच्या सर्व्हिसमध्ये कसूर नव्हती, असा मजकूर. म्हणाला, सही करा, आजच तार करतो. नाहीतर तुमचा पंप कधी येईल सांगता येत नाही. मी सही केली. वाटलं, कागद तर कागद, गाडी सुटेल. दादाला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

पंप मात्र येईना. सोमवारी येईल, गुरुवारी येईल, पार्सल मुगलसरायला अडकलंय... रोज नवीन थाप. दादा रोज सकाळी छावणीत जाऊन पत्र्याच्या शेडखाली गाडीशेजारी बसायचा. म्हणायचा, मी नसताना हे लोक आणखी काहीतरी बिघडवतील. जेठचा महिना, बाहेर लू, म्हणजे तिकडची भाजणारी वाऱ्याची झळ, अशी की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. वहिनी कैरीचं पन्हं बरोबर द्यायची. मी म्हणालो, "कशाला जातोस? साहेबाला उगाच दुखवू नकोस." तो म्हणाला, "ते मला खोटारडा समजतात. टाकी उघडेपर्यंत मी जाणार."

असं बसण्याच्या सतराव्या दिवशी त्याला एक्क्यात घालून घरी आणला. लू लागली होती, अंग भट्टीसारखं तापलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जरा शुद्धीवर आला. वहिनी पाणी आणायला आत गेली होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, "नाही. तू पडून राहा."

दुपारी तो गेला.

दहावा राजा घाटावर केला. दादाला मुलगा नव्हता, म्हणून मीच सगळं करत होतो. वहिनी आमच्या काकूबरोबर वरच्या पायरीवर बसली होती. पिंड मांडला, आम्ही मागे सरलो. बुरुजावर सात-आठ कावळे होते. शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा चालला होता, तिथला पिंड त्यांनी ठेवता ठेवता फस्त केला. आमच्याकडे एक आला, दोन हात अंतरावर बसला आणि नुसता बघत राहिला.

ऊन चढलं. काकू हात जोडून म्हणाली, "बाळा, तुझ्या बायकोला काही कमी पडू देणार नाही." कावळा हलला नाही. वहिनी म्हणाली, "माझी काळजी करू नका." तरीही नाही. मला मनात राग येत होता, कावळ्याचा आणि या सगळ्या नाटकाचा. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. वहिनी पायऱ्या उतरून आली. "गुरुजी, दर्भाचा नको हो. यांचं काहीतरी अडलंय. थोडं थांबा." तिचा चेहरा पाहवत नव्हता. नवऱ्याला गती मिळणार नाही म्हणून ती बाई उन्हातून हलायला तयार नव्हती.

मी म्हणालो, "दादा, टाकी मी स्वतः उघडीन." कावळा एक उडी पुढे आला. मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि परत मागे गेला.

गुरुजी म्हणाले, "बोला, आणखी काही असेल तर बोला."

मग माझ्या तोंडून निघून गेलं. "दादा, तुझी चूक होती अशी सही मी दिली. साहेबाच्या कागदावर. तू खरं सांगत होतास, मला ठाऊक होतं, तरी दिली."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात कावळ्याने पिंडाला चोच मारली.

तेराव्यानंतर मी छावणीत गेलो. नवा पंप बसवून गाडी 'ओके' लिहून फाटकाशी उभी होती. मी ती बाहेर काढली, रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली लावली आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून टाकी उतरवली. तेल काढून आत हात घातला. निळ्या पट्ट्यांचं फडकं निघालं, हातभर लांब. एजन्सीत प्रत्येक मिस्त्रीच्या खांद्यावर असतं तेच. टाकी साफ करताना आत राहिलेलं.

ते तसंच तेल गळत साहेबाच्या टेबलावर नेऊन टाकलं. साहेबाने ते पेन्सिलीने बाजूला सारलं, खण उघडला, तोच कागद काढला आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. मी फडकं उचललं आणि बाहेर पडलो.

फडकं वहिनीने मागून घेतलं. तिने ते धुतलं नाही, तसंच ट्रंकेत ठेवलं आहे. ती मला वेळेवर जेवायला वाढते, भाऊजी म्हणते, कधी टाकून बोलली नाही. एकदाच विचारलं, "त्यांना कळलं होतं का हो, सहीचं?"

मला माहीत नाही. कागदाची गोष्ट मला आणि साहेबाला सोडून कुणाला ठाऊक नव्हती, आणि दादाला तर इंग्रजी वाचता येत नव्हतं. कावळ्याचं म्हणाल तर मी स्वतःला शंभर वेळा समजावलं आहे. शेजारचा पिंड खाऊन त्यांचं पोट भरलं असेल, आम्ही फार जवळ उभे असू, पुन्हा भूक लागायला तेवढाच वेळ लागला असेल. असेलही. पण कावळा फक्त माझ्या त्या एका वाक्यावर शिवावा, याचा उलगडा मला तीन वर्षांत झालेला नाही.

त्या दिवशी घाटावर आम्ही सगळे दादाला विचारत होतो, तुझं काय राहिलंय. त्याचं काही राहिलंच नव्हतं. त्याने मला तीन दिवसांच्या तापात, शुद्धीवर आल्या आल्या विचारलं होतं, तुला काही सांगायचंय का. आणि मी नाही म्हणालो होतो.